गोष्टीला वसा हवा: हवामान बदलावर गावात बोलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सोलापुरातल्या महाविद्यालयातली बाराजणं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्तानं माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या पाच गावांत हवामान बदलावर स्लाइड दाखवून आलात. लोकांनी शांतपणे ऐकलं, चहा झाला, 'चांगलं काम करताय पोरांनो' म्हणाले आणि घरी गेले. पुढं काहीच हललं नाही. आता कुणीतरी सुचवलंय की तक्ते बाजूला ठेवा आणि गोष्टी सांगा. तर कोणती गोष्ट सांगायची, कुणी, किती वेळ, त्याचे व्हिडिओ करावेत का, आणि मुळात यानं काही होतं का?

होतं. पण आधी अडचण नेमकी कुठं आहे ते पाहू, कारण माझ्या मते ती तक्त्यांत नाही. पाऊस बिघडलाय हे माढ्यातल्या शेतकऱ्याला तुमच्या स्लाइडच्या आधीपासून माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी शेतात आणि घरात शिरताना त्यानं पाहिलंय. उजनी धरण 'मायनस'मध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरलं, हे शब्द तो उन्हाळ्यात कितीदा तरी ऐकतो. त्याला माहीत नाही ते एवढंच, की या सगळ्यात आपण एकट्यानं, आपल्या दोन एकरांत, येत्या सोमवारी काय करायचं. तुमच्या स्लाइडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. नुसत्या गोष्टीतही ते नसेल, तर लोक टाळ्या वाजवतील, एखादी आजी डोळे पुसेल आणि पुन्हा चहा होईल.

आपल्याकडं या कामाचा साचा तयार आहे. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं, तिथं एक गरीब होता, त्याला कुणीतरी व्रत करताना दिसतं, तो विचारतो, 'बायांनो, कसला वसा वसता?' त्या लगेच सांगत नाहीत. 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील,' असं आधी बजावतात. तो शब्द देतो. मग जे सांगितलं जातं ते अगदी काटेकोर असतं. आदित्यराणूबाईच्या कहाणीत सहा रेघांचं मंडल, सहा सुतांचा तातू, त्याला सहा गाठी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी. पुढं भरभराट होते, माणूस वसा विसरतो, त्याचं बिघडतं, तो पुन्हा वसा घेतो. म्हणजे कृती गोष्टीच्या पोटातच असते, मोजमापासकट. शेवटी चिकटवलेलं तात्पर्य तिथं नसतं. हवामानावरच्या बहुतेक गोष्टी मला अपुऱ्या वाटतात त्या इथं. दुःख असतं, वसा नसतो.

म्हणून गोष्ट शोधण्याआधी वसा ठरवा. तो एकच असावा, आणि ऐकणाऱ्याला स्वतःच्या अधिकारात करता येणारा असावा. 'झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा' हे तीन वसे झाले आणि त्यातला एकही सहा गाठींइतका नेमका नाही. कोणता वसा योग्य हे गावावर अवलंबून आहे. बागायती गाव, कोरडवाहू गाव आणि शहरातली वस्ती यांचे वसे वेगळे असणार. तुमची गावं उजनीच्या कालव्यावरची आणि सीनाकाठची, म्हणजे उसाची. तिथं मी एकच वसा घेईन: खोडव्यातलं (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकातलं) पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळायचं नाही. तेही सगळ्या रानात नाही. पहिल्या वर्षी फक्त पाच सऱ्या.

'ऊसच लावू नका' हा वसा मी घेणार नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५४५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, हे खरं आहे आणि त्याचा विचार व्हायलाच हवा. पण कारखान्याची खात्रीची उचल, सोसायटीचं कर्ज आणि घरातलं लग्न यांनी बांधलेला तो निर्णय आहे. तो एका संध्याकाळच्या गोष्टीनं सुटत नाही. परक्या पोरांनी येऊन तो विषय काढला की दार बंद होतं, मग पाचटाचंही कुणी ऐकत नाही.

आता वशाचा तपशील, कारण हा कच्चा असेल तर पहिल्याच प्रश्नाला तुम्ही अडाल. ऊस तुटल्यावर एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट रानात पडतं. त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र असतं. साडेतीन टनांचा हिशेब केला तर सुमारे १७ किलो नत्र, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या गोणीतलं पाऊण गोणीहून थोडं जास्त. काडी लावली की त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं आणि सेंद्रिय कर्बही जातो. ठेवायचं असेल तर पाचट बुडख्यांवरून बाजूला सारून सरीत सारखं पसरायचं. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे आणि त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात फवारायचं. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं. मग पाणी द्यायचं आणि पाचट पायानं दाबून मातीला टेकवायचं. कुजायला चार-पाच महिने लागतात, तेव्हा 'यंदाच खत वाचलं' असं सांगू नका. पहिला फायदा ओलीचा असतो. झाकलेली जमीन कमी तापते, पाण्याची पाळी लांबते. किती लांबते ते जमिनीवर आणि पाचटाच्या थरावर ठरतं, म्हणून आकडा छातीठोकपणे सांगू नका.

पाच सऱ्या का, तर न जमल्यास नुकसान सोसता येतं आणि शेजारच्या जाळलेल्या सऱ्या तुलनेला त्याच रानात राहतात. गावकरी परक्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या बांधावरच्या फरकावर ठेवतो.

वेळ फार महत्त्वाची. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. ऊस तुटल्यापासून काडी लागेपर्यंत मोजके दिवस असतात आणि निर्णय तेव्हाच होतो. जूनमध्ये पर्यावरण दिनाला सांगितलेली पाचटाची गोष्ट फेब्रुवारीत कुणाला आठवणार? पहिली फेरी नवरात्र ते कार्तिकी एकादशी या काळात करा, आणि ज्याचा ऊस तुटणार त्याच्याकडं ऊसतोड टोळी आल्या दिवशी पुन्हा जा. काहींना वाटतं की आषाढीला पंढरपुरात लाखो लोक येतात, तिथं सांगावं. मला ते पटत नाही. वारकरी तेव्हा स्वतःच्या रानापासून लांब असतो आणि पुढच्या मुक्कामाच्या घाईत असतो. वारीत गोष्टी गोळा कराव्यात. वेगवेगळ्या पावसाच्या मुलखातली माणसं एका वाटेवर क्वचित भेटतात.

गोष्ट गोळा कशी करायची? 'हवामान बदलाबद्दल तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं की माणूस टीव्हीवर ऐकलेलं परत ऐकवतो. वस्तू आणि मोजमाप विचारा. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी किती परस, म्हणजे किती पुरुष, खाली होतं? मोटेचा नाडा किती हात लागायचा? रोजगाराच्या कामावर कुठं जात होता, खडी फोडायला का तलावाच्या बांधावर? दुष्काळात वाटलेली सुकडी कशात घेत होता, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची? पावसाबद्दल विचारताना महिना विचारू नका, नक्षत्र विचारा. आपला जिल्हा रब्बीचा. सप्टेंबरात सगळ्यांत जास्त पाऊस होतो आणि शाळूची पेरणी त्या ओलीवर होते. 'उत्तरा-हस्ताचा पाऊस पूर्वी कसा यायचा, आता कसा येतो?' एवढ्यावर ऐंशीच्या घरातला माणूस अर्धा तास बोलतो. तो बोलताना मध्ये पडू नका. गप्प बसायचं ठरवलंत की खरी गोष्ट बहुधा तुम्ही वही मिटल्यावर, चपला घालताना ऐकू येते. तेव्हा पुन्हा बसा.

पुराची गोष्ट मागताना मात्र जपा. सीनाकाठच्या घरांत जखम ताजी आहे. चारचौघांत 'काय काय वाहून गेलं ते सांगा' असं म्हणणं क्रूर आहे, आणि त्यातून निघणारी गोष्ट कुणाला काही करायलाही लावत नाही. 'पाणी वाढतंय हे पहिल्यांदा कशावरून कळलं आणि पहिल्या दोन तासांत काय केलं' हे विचारा. त्यात शहाणपण असतं. जनावरं आधी सोडली का, कागदपत्रं कुठं ठेवली, कुणाला फोन केला. त्या गावात वसाही वेगळा: पुराची रेघ शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर तारखेसह ऑइलपेंटनं आखून ठेवणं आणि त्या रेघेच्या वर कागदपत्रांची जागा ठरवणं.

आठवण आणि नोंद जुळवून पाहणंही आवश्यक आहे. 'आमच्या लहानपणी असा उन्हाळा नव्हता' हे वाक्य प्रत्येक पिढीनं म्हटलंय. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार पावसाचे आकडे मिळतात, ते काढा. आठवण आणि आकडा जुळले नाहीत तर आजोबांना खोटं पाडू नका, फक्त तेवढा भाग गोष्टीतून गाळा. दुष्काळ आपल्याकडं नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठार भुकेल्यांसाठी उघडलं, ही कथा कीर्तनांतून गावोगाव माहीत आहे. म्हणून प्रत्येक दुष्काळ आणि प्रत्येक पूर हवामान बदलामुळेच, असं सांगितलंत तर जाणती माणसं तिथंच तुम्हाला सोडून देतील. सांगायचं ते एवढंच: दुष्काळ आधीही होते, पूरही होते, पण आता भर पडलीय. १८५०-१९०० च्या तुलनेत पृथ्वीचं तापमान २०११-२० या दशकात सरासरी १.१ अंशानं वाढलेलं होतं. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हवा म्हणजे पखाल समजा. पखाल मोठी झाली तर भरायला वेळ लागतो, तोवर ती जमिनीतली ओल ओढत राहते, आणि रिकामी होते तेव्हा एकदम होते. लांबलेली उघडीप आणि एका रात्रीतला ढगफुटीसारखा पाऊस, दोन्ही एकाच पखालीतून समजावता येतात. विज्ञान एवढंच पुरे. कुणी खोलात विचारलं तर वेगळं बसून सांगा.

आता पाचटाची गोष्ट प्रत्यक्ष कशी दिसेल ते दाखवतो. हा रचलेला नमुना आहे. तुम्ही त्या गावात खरोखर घडलेलं, त्या माणसांच्या परवानगीनं, यात भरायचं. रचलेली गोष्ट सांगायची वेळ आली तर 'ही रचलेली आहे' असं आधी सांगा. गावात खोटी गोष्ट दोन दिवसांत उघडी पडते.

'फेब्रुवारीतली दुपार. ऊस तुटून चौथा दिवस. टोळी पुढच्या फडात गेलीय. सासू बांधावर उभी, पदराच्या गाठीतनं काडेपेटी काढतीय. सून म्हणाली, "आत्याबाई, विहिरीकडच्या पाच सऱ्या ठेवा. बाकीचं पेटवा." सासू म्हणाली, "उंदीर होत्यात. पाणी पुढं सरकत न्हाई. आन् पसरायला मजूर कोण देणार, तुझा बाप?" सून म्हणाली, "मजूर मी." संध्याकाळी सगळं रान काळं झालं, पाच सऱ्या पिवळ्या राहिल्या. पहिलं पाणी दिलं त्या रात्री लाईट अकराला आली. जाळलेल्या सरीतनं पाणी सरसर गेलं. पाचटातलं जागेवरच थबकलं. सून खोरं घेऊन पहाटेपर्यंत सरी मोकळी करत होती. सकाळी सासू काही बोलली नाही, चहा मात्र तिनंच केला. एप्रिलात विजेचा डीपी जळाला. आठ दिवस मोटार बंद. सातव्या दिवशी दुपारी काळ्या रानातल्या खोडव्याच्या पानांची सुरळी झाली. सासू विहिरीकडच्या सऱ्यांत गेली, खाली बसली, पाचट बाजूला सारलं आणि हात आत घातला. बराच वेळ हात तिथंच ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या साली किती सऱ्या ठेवायच्या म्हणतीस?"'

गोष्ट इथंच थांबते. सावकाश सांगितली, गावातले बारकावे घातले की सहा-सात मिनिटं होतात. त्यापेक्षा लांबवू नका.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. सासूचे तीनही आक्षेप खरे आहेत आणि तिच्याच तोंडी ठसक्यात आहेत. ऐकणाऱ्याच्या मनातला आक्षेप गोष्टीतल्या शहाण्या माणसानं बोलून दाखवला तर त्याला तुमच्याशी वाद घालावा लागत नाही. सासूला मूर्ख दाखवलंत तर समोरच्या निम्म्या बायका तुमच्या विरुद्ध गेल्या म्हणून समजा. पहिल्या पाण्याचा त्रास गाळलेला नाही. तो गाळला आणि घरी जाऊन कुणी पाचट ठेवलं, तर त्याचंही पाणी थबकणार आणि तो म्हणणार, फसवलं. त्रास आधी सांगितलेला असला की तो खोरं घेऊन तयार राहतो. डीपी जळणं हे संकट त्यांच्या ओळखीचं आहे. हिमनग वितळण्यापेक्षा आठ दिवस बंद पडलेली मोटार माढ्यात जास्त कळते. शेवटी सासू चूक कबूल करत नाही, ती पुढचा आकडा विचारते. कबुली दिली असती तर सुनेचा विजय आणि सासूचा पराभव झाला असता. हरलेल्याच्या जागी कुणी स्वतःला बसवत नाही.

आणि हात. पाचटाखाली घातलेला हात ही या गोष्टीतली एकमेव वस्तू आहे जी ऐकणारा दुसऱ्या दिवशी स्वतः करून पाहू शकतो. प्रत्येक गोष्टीत असं एक तरी काही ठेवा.

आकड्यांबद्दल एक सूचना. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि पॉल स्लोविक यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या एका मुलीची माहिती दिली तेव्हा लोकांनी जास्त देणगी दिली, लाखोंची आकडेवारी दिली तेव्हा कमी. लक्षात ठेवायचं ते पुढचं: मुलगी आणि आकडेवारी एकत्र दिली तेव्हाही देणगी घटली. म्हणून गोष्ट चालू असताना पडद्यावर तक्ता नको. आकडा गोष्टीनंतर, एकच, आणि लोकांच्या मापात. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आपल्या सरासरी पावसात वर्षाला सुमारे ५० हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, असं सांगा. सांडणं-उडणं धरून चार टँकर हाती लागतात म्हणा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, हा आकडा आपल्या जिल्ह्यात बहुतेकांना पाठ असतो. तो सांगून कुणी काही करत नाही. सांगायचाच तर धरण 'मायनस'मध्ये गेलं म्हणजे कालव्याची पाळी आपल्या शेवटच्या फाट्यावर किती दिवस उशिरा आली, तेवढं सांगा.

आतापर्यंतचं एका दमात: आधी वसा, मग त्याची वेळ, मग गावातूनच गोळा केलेली आणि तपासलेली गोष्ट, तिच्यात त्रासासकट खरा तपशील, आणि नंतर एकच आकडा. आता सांगायचं कुणी आणि कुठं.

तुम्ही सांगू नका, निदान मुख्य गोष्ट तरी. ज्या बाईनं पाच सऱ्या ठेवल्या तिनंच सांगावी. तिला मंचाची सवय नसेल, म्हणून मंच देऊ नका. बचत गटाची बैठक, देवळाचा पार, सप्त्यातली दुपार, जिथं पंचवीस ते चाळीस माणसं गोल बसतात ती जागा घ्या. तीनशेच्या सभेत लोक ऐकायला येतात, चाळिसांत बोलायला लागतात. तिची तयारी तीन बैठकांत करून घ्या. पहिल्यांदा ती हवं तसं सांगेल, अर्धा तास. दुसऱ्यांदा फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा. तिसऱ्यांदा पूर्ण सांगू द्या. मधलं पाठ करून घेऊ नका, पाठ केलेलं लगेच ऐकू येतं. तिची बोली सुधारू नका. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं गेलात तर कन्नडमध्ये होऊ द्या, शहराच्या पूर्व भागात तेलुगूत. भाषांतर करून सांगितलेली सासू कुणाचीच सासू राहत नाही.

गावात कीर्तनकार असतील तर त्यांना आधी भेटा. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग हा साचा या कामाला फार सोयीचा आहे: आधी तत्त्व, मग आख्यान. पाचटाचं आख्यान ते तुमच्यापेक्षा चांगलं लावतील, पण त्यांच्या निवडीनं. अभंगाला ओढूनताणून पर्यावरणाचा अर्थ चिकटवू नका. श्रोत्यांना अभंगाचा अर्थ तुमच्याइतकाच, कदाचित जास्त, माहीत असतो. दामाजीपंतांचं तसंच. ती कथा सांगून झाल्यावर 'आपलं कोठार म्हणजे आपली जमीन' एवढंच एक वाक्य पुरतं, त्यावर व्याख्यान नको.

इथं गाडगेबाबांची पद्धत आठवावी. बाबा गावात आले की आधी हातातल्या खराट्यानं गाव झाडायला लागत. संध्याकाळी कीर्तन, तेही प्रश्नोत्तरांतून, लोकांच्या बोलीत. श्रोत्यांनी सकाळी जे पाहिलेलं असे त्यालाच रात्री शब्द मिळत. तुम्हीही गोष्टीच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी रानात पाच सऱ्यांत पाचट पसरून या. बाराजणांना दोन-तीन तास लागतील, हाताला काप पडतील, पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला. दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दाला वेगळं वजन येतं, आणि मजुरी किती लागते हे तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असतं.

गोष्ट संपल्यावर लगेच 'कोण कोण करणार, हात वर करा' असं विचारू नका. पाचेक मिनिटं लोकांना आपसात बोलू द्या. मग वही काढा. नाव, ऊस कोणत्या महिन्यात तुटणार, कोणत्या बाजूच्या पाच सऱ्या ठेवणार, एवढं त्यांच्या समोर लिहा. बाजू विचारणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण 'विहिरीकडच्या' असं म्हणताना माणूस मनानं रानात जाऊन उभा राहतो. ज्याला नको त्याला सोडून द्या. कुणी म्हणेल शेजारचा ऊस उभा आहे, पाचटाला ठिणगी लागली तर? ही भीती रास्त आहे. बांधालगतचा पट्टा पाचट ओढून मोकळा ठेवायचा, आणि शेजाऱ्याला आधी सांगायचं.

शाळेतल्या मुलांकडून वसा घेऊ नका. काडी लावायची की नाही हे दहा वर्षांचं मूल ठरवत नाही, आणि घरी जाऊन बापाला सुनावलं तर मार त्यालाच बसतो. मुलांना मोजायला द्या. सरळ उभ्या बाजूंची बरणी, पट्टी, रोज सकाळी साडेआठला नोंद. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे त्यांना एकदा बादलीनं करून दाखवा. दोन पावसाळ्यांनंतर ती वही म्हणजेच गावाची गोष्ट असते.

तुम्ही शहरातल्या वस्त्यांबद्दलही ओझरतं विचारलंय. तिथं वसा पत्र्याचा. पत्र्याच्या खोलीत दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बायकांना मे महिन्यातल्या चौवेचाळीस अंशांबद्दल कुणी शिकवायला नको. छताला उन्ह परतवणारा पांढरा लेप दिला की आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. साधा चुना गुळगुळीत पत्र्यावर फार टिकत नाही, स्लॅबवर बरा बसतो पण पहिल्या मोठ्या पावसात उतरतो. पत्र्याला परावर्तक रंगच लागतो, आणि त्याआधी गंज घासून काढावा लागतो. काम फेब्रुवारीअखेर संपवा. गोष्टीसाठी एकाच गल्लीतली दोन सारखी घरं घ्या, एक रंगवलेलं, एक न रंगवलेलं. दोन्हीकडं पत्र्यापासून लांब, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तापमापक टांगा आणि दुपारी तीनला आणि रात्री नऊला आठवडाभर त्या घरातल्या बाईनंच लिहायचं. खोली भाड्याची असेल तर मालकाची परवानगी आधी, नाहीतर रंगवलेल्या खोलीचं भाडं वाढल्याची गोष्ट ऐकावी लागेल.

उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवायचं? टाळ्या, हजेरी, फोटो यांवरून नाही. तुमच्या वहीत जितकी नावं आली त्यांपैकी मार्चअखेर किती जणांच्या रानात पाच सऱ्या पिवळ्या दिसतात, ते मोजा. ऊस तुटल्यापासून आठ दिवसांच्या आत प्रत्येकाच्या बांधावर जा. ज्यानं जाळलं त्याला फक्त एवढंच विचारा की कुठं अडलं. मजूर मिळाला नाही, टोळीच्या मुकादमानंच पेटवून दिलं, खोरं धरायला माणूस नव्हता, अशी उत्तरं येतील, आणि पुढच्या वर्षीच्या गोष्टीत सासूच्या तोंडी तीच घालायची आहेत. पहिल्या वर्षी चाळिसांत चार-पाच रानं मिळाली तर मी ते काम चांगलं झालं असं समजेन, कारण पुढच्या वर्षी सांगणारी चार-पाच माणसं गावातलीच असतील.

राहिला व्हिडिओ. पहिल्या वर्षी करू नका. कॅमेरा समोर आला की बाई शुद्ध बोलायला लागते आणि घरातले पुरुष मागं येऊन उभे राहतात. दुसऱ्या वर्षी, तिनं तीन-चार ठिकाणी सांगून झाल्यावर, रानातच, सकाळच्या उन्हात, दोन मिनिटांचा करा. वारा असेल तर मोबाइलच्या माइकवर आवाज चिरतो, म्हणून साधा कॉलर माइक लावा आणि बांधाच्या आडोशाला उभं करा. आधी तिला विचारा, चित्रीकरण झाल्यावर तिला आणि घरच्यांना दाखवा, मग पुन्हा विचारा. तो कोणत्या ग्रुपवर जाणार हेही सांगा. 'हे वाक्य काढा' म्हणाली तर काढा, गोष्टीतलं सगळ्यांत चांगलं वाक्य असलं तरी.